निळ्या पंपाचा पट्टा

वडिलांनी काकडीचं पान उलटं केलं, भिंग डोळ्याशी नेलं आणि शिरेशिरेवरून फिरवलं.

"इथेही नाही," शेवटी ते म्हणाले. "चिमणे, तू बघ."

तिने भिंग घेतलं. पानाच्या मागच्या बाजूला विरविरीत जाळं होतं आणि त्यात लाल कोळी निवांत रस शोषत बसले होते. त्यांच्यावर तुटून पडणारे केशरी शिकारी कोळी मात्र कुठेच धावत नव्हते. मधल्या शिरेपाशी एक सापडला. पाय पोटाशी आखडलेला.

"उपाशी मेले असतील," ती म्हणाली.

"समोर ताट वाढलेलं असताना?"

तिने भिंग परत दिलं.

महिन्यापूर्वी वडिलांनी हे शिकारी बाटलीतल्या भुशासकट स्वतःच्या हाताने पानापानावर शिंपडले होते. तेव्हापासून तिसऱ्या हरितगृहात विषारी औषध बंद. लाल पंप औषधाचा, तो कुलपात. निळा पंप शेवाळाच्या खताचा, तो खुंटीवर. निळ्यात औषध कधीही जायचं नाही आणि चुकून गेलंच तर तीनदा धुतल्याशिवाय तो पाठीवर घ्यायचा नाही. हा नियम त्यांनी शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवला होता, आणि वेल बांधणाऱ्या बायका त्याला 'मालकांची आरती' म्हणत.

शेजारच्या ओळीतून मुकादम आला. वाकून आला, कारण वेलांच्या तारा त्याच्या कपाळाला लागत. बायका त्याला लंबू म्हणत, वडीलही म्हणत. शिकारी कोळ्यांची सगळ्यात जास्त चेष्टा त्यानेच केली होती. 'कोळ्याला कोळी खाणार, मग आम्ही काय मालक, टाळ्या वाजवायच्या?'

"काय लंबू," वडील भिंग पुसत म्हणाले, "पलटण कुठे गेली आपली?"

"रजेवर असेल, मालक."

कोणी हसलं नाही. वडील त्याच्याकडे पाहत राहिले. गेले चार दिवस ते असेच पाहत होते, त्याच्या हाताकडे, खिशाकडे, तो वळला की पाठीकडे. मुकादमाने मान वळवली आणि त्याची नजर तिच्यावर येऊन थांबली. तिने घाईघाईने एक पिवळं पान खुडलं.

तो गेल्यावर वडील तिला शेडमध्ये घेऊन गेले. निळा पंप काढून त्यांनी झाकण उघडलं आणि नाक आत घातलं.

"तू बघ. मला सर्दी आहे. कसला वास येतो?"

तिने वास घेतला. शेवाळाचा उग्र, खारट दर्प होता. त्याच्याखाली, तळाशी, दुसरं काहीतरी.

"शेवाळाचाच," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, बाबा."

गेल्या गुरुवारी वडील बाजारात गेले होते. कोपऱ्यातल्या दोन ओळी तांबूस पडत चालल्या होत्या, आणि धीर धरा, शिकारी पोचतील तिथे, हे ऐकून तिचे कान किटले होते. दुकानातून आणलेली विषारी औषधाची छोटी बाटली तिने निळ्या पंपात ओतली. दोनच ओळी. धुवायला घेतला तोच फाटकावर गाडी वाजली. एकदाच खळबळून तिने पंप खुंटीवर टांगला. शुक्रवारी सकाळी, ती उठायच्या आत, मुकादमाने त्याच पंपात शेवाळाचं खत भरून अख्खं हरितगृह फवारलं होतं.

"त्यानेच केलंय," वडील झाकण लावत म्हणाले. "बारा वर्षं माझ्याकडे आहे आणि तोंडावर हसतो. उद्या सकाळी समोर बसवून विचारतो. नाही म्हणाला तर सरळ घरी."

"बाबा, घाई नको."

"तुला काय वाटतं, कोण असेल?"

"मला काय माहीत?"

जेवताना तिने दोनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं. एकदा पाणी. उद्या तो समोर बसायच्या आधी सांगू, असं ठरवून ती झोपली.

सकाळी दाढी करता करता वडील स्टुलावर टेकले, ते उठलेच नाहीत. एका गालाला साबण तसाच होता.

आठवडा माणसांच्या येण्याजाण्यात गेला. आठव्या दिवशी काकांनी कारभार हातात घेतला आणि पहिलं काम मुकादमाचं काढलं.

"दादा मला फोनवर बोलला होता," ते अंगणात खुर्ची टाकून म्हणाले. बायका कामावर आल्या होत्या, त्या घोळक्याने उभ्या राहिल्या. "घरभेदी माणूस नको. भावाने शेवटचे दिवस मनस्तापात काढले ते याच्यामुळे."

मुकादम वळला. बूट आणि फवारणीचा कोट ठेवायला शेडमध्ये गेला. ती मागोमाग गेली.

"लंबूदादा, तुम्ही काहीच का बोलत नाही?"

त्याने बूट भिंतीशी जोडीने लावले. एक वाकडा वाटला, तो पुन्हा सरळ केला.

"त्या शुक्रवारी पंप पाठीवर घेतला, ताई, तर पट्टे बगलेत रुतले. ते नेहमी माझ्या मापाला असतात. त्या दिवशी शेवटच्या भोकापर्यंत आवळलेले होते." तो तिच्या खांद्यांकडे पाहून थांबला. "म्हटलं, ताईंनी खत मारलं असेल थोडं. सैल केले आणि लागलो कामाला. शेवाळाच्या वासात काय कळतं? पलटण मेली तेव्हा कळलं."

"बाबांना का नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलंच नाही. नुसते बघायचे." त्याने कोट खुंटीवर टांगला. "आणि म्हटलं, तुम्ही सांगाल."

बाबा होते त्या चार दिवसांत त्याची नजर आपल्यावर का थांबत होती, याचे तिने किती अर्थ लावले होते. तो आपल्याला पकडून देईल. तो काहीतरी मागेल. तो वाट पाहत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"आटपा रे तिकडे!" काकांनी बाहेरून हाक मारली.

तिने खुंटीवरून निळा पंप उतरवला आणि अंगणात आली. सगळ्यांसमोर तो पाठीवर घेतला. पट्टे लांब होते, टाकी कमरेच्या खाली लोंबून मांड्यांवर आपटली. घोळक्यातली एक बाई फिसकन हसली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"हे काय चाललंय, पोरी?" काका म्हणाले.

तिने एक पट्टा ओढला, मग दुसरा. शेवटच्या भोकात काटा अडकवला. पंप पाठीला नीट बसला. बायका आता हसत नव्हत्या. मुकादम शेडच्या दारात, खडूने लिहिलेल्या नियमाशेजारी वाकून उभा होता.

"काका, औषध मी मारलं," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "याच पंपाने. एकदाच धुतला. आणि बाबांनी मला वास घ्यायला लावला, तेव्हा मी म्हटलं, शेवाळाचाच आहे."