शिंप्याच्या पायातले कारागीर

साहेब, इस्पितळाचे अधीक्षक असून तुम्ही वाचलं नाहीत. सही करताना कागद वाचला नाहीत हा तुमचा पहिला गुन्हा, आणि वाचला नाही हे कबूल करायला लागू नये म्हणून पुढे जे केलंत तो दुसरा. एकाच सोमवारी, एकाच पेनाने, चहा थंड व्हायच्या आत तुम्ही दोन कागदांवर सही केलीत. पहिल्यात होतं की पुरुषांच्या वॉर्डात अकरा नंबरच्या पलंगावरच्या रुग्णाच्या जखमेत माशीच्या निर्जंतुक अळ्या सोडायला परवानगी आहे. दुसऱ्यात होतं की गुरुवारच्या तपासणीआधी त्याच वॉर्डातला प्रत्येक किडा, उडता असो की सरपटता, अंड्यात असो की अळीच्या रूपात, मारून टाकावा. दोन्ही सह्यांचं शेपूट सारखंच लांब आहे. तुम्हीच केल्यात, नाही म्हणू नका.

अकरा नंबरच्या पलंगावर शिंपी होता.

चाळीस वर्षं त्याने पायमशीन चालवलं होतं. मोटर लावून घे म्हणून सगळे त्याच्या मागे लागायचे, पण तो म्हणायचा की मोटरला वळण कळत नाही; कॉलरच्या टोकाशी आलं की वेग कमी करायचा असतो, आणि तो पायाच्या अंगठ्याला कळतो. याच अंगठ्याने त्याला दगा दिला. साखरेच्या दुखण्याने पायाची जाणीव गेलेली. दुकानात पडलेली टाचणी तळव्यात घुसली आणि शिंपी तीन दिवस ती टाचणी पायात घेऊन मशीन मारत राहिला. चौथ्या दिवशी त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, मोजा काढायला लावला आणि नाकाला पदर लावला.

अक्का त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. शिंप्याची बायको गेल्यापासून त्याचं घर तीच बघत होती, आणि बघत म्हणजे काय, धाकात ठेवत होती. तिनेच त्याला रिक्षात कोंबून इस्पितळात आणला. मोठ्या सर्जनांनी काळा पडलेला तळवा दोन मिनिटं पाहिला आणि शुक्रवारी सकाळी नऊला घोट्याखाली पाय काढायचा असं यादीत लिहून टाकलं. यादीत पहिला नंबर. शिंप्याने आयुष्यात कशात पहिला नंबर काढला नव्हता, तो असा निघाला.

अळ्यांची कल्पना वॉर्डातल्या तरुण डॉक्टरणीची. ती सर्जनांकडे गेली, म्हणाली की मेलेलं मांस साफ झालं तर खालचं जिवंत आहे, पाय राहील. सर्जन म्हणाले, शुक्रवारपर्यंत साफ करून दाखव, मी सुरी ठेवून देतो. मग तिने शिंप्याला समजावलं. या अळ्या खास वाढवलेल्या असतात, स्वच्छ असतात, सडलेलं तेवढं विरघळवून पितात, जिवंत मांसाला तोंड लावत नाहीत. आधी एक खेप, दोन दिवस. मग ताज्या अळ्यांची दुसरी खेप, आणखी दोन दिवस.

शिंप्याने विचारलं, "म्हणजे उसवायचं तेवढंच उसवणार, कापडाला धक्का नाही?"

"बरोबर तेच, मामा."

"मग माझ्या दुकानातल्या कारागिरांपेक्षा बरे आहेत."

अक्काने नाक मुरडलं नाही, उलट तिला चेव आला. तिने वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की त्यांच्या वडिलांच्या दंडावर कुऱ्हाड निसटली होती तेव्हा लाकूडतोड्यांमधल्या एका म्हाताऱ्याने मोठ्या डोक्याच्या मुंग्या आणल्या. जखमेच्या दोन कडा जुळवायच्या, मुंगीचं तोंड वर धरायचं, ती कडकडून चावली की धड मोडून टाकायचं. डोकं तिथेच राहतं, टाका पडतो. अशा चौदा मुंग्या लागल्या. शिंप्याला ही गोष्ट पाठ होती, पण टाक्यांमधलं अंतर किती होतं हे त्याने याही वेळी विचारलं. अक्का म्हणाली, तू तेव्हा पाळण्यात होतास, गप पड.

शेजारच्या बारा नंबरवर एक ट्रक ड्रायव्हर होता. त्याच्याही टाचेला तसलीच जखम, अजून लहान. तो कुशीवर वळून म्हणाला की मामा, तुमचं जमलं तर माझ्यासाठीही सांगून ठेवा, माझा ब्रेकचा पाय आहे.

अळ्या सोमवारी दुपारी आल्या. औषधाच्या बाटलीत, ओल्या जाळीवर, तिळाएवढ्या, एकशे ऐंशी. भांडाराच्या कारकुनाने बाटली उजेडात धरली आणि हे औषध, उपकरण की प्राणी ते सांगा म्हणाला, कारण तिन्हींची रजिस्टरं वेगळी. डॉक्टरणीने औषध सांगितलं. कारकुनाने "औषध" लिहिलं, आणि "दिवसातून किती वेळा" या रकान्यापुढे पेन धरून बसला. शेवटी डॉक्टरणीने बाटली हिसकावूनच नेली.

पहिल्या दिवशी फजिती झाली. जखमेवर जाळी चिकटपट्टीने बसवली होती ती संध्याकाळपर्यंत एका कडेने सुटली आणि दोन अळ्या चादरीवर फिरायला निघाल्या. नर्स किंचाळली. शिंपी मात्र त्या पट्टीकडे बघून मनापासून चिडला. असली कड त्याच्या दुकानात कोणी मारली असती तर त्याने पायजमा तोंडावर फेकला असता. त्याने अक्काकडून सुई, पांढरा दोरा आणि इलॅस्टिक मागवलं, डॉक्टरणीकडून उकळलेली जाळी घेतली आणि पलंगावर बसून पायाच्या मापाची पिशवी शिवली. घोट्याशी दुमडून नेफा, नेफ्यात इलॅस्टिक, तळव्याखाली दुहेरी बखिया, आणि वरून बघता यावं म्हणून झाकण, त्याला दोन बटणं. डॉक्टरणीने ती हातात फिरवून पाहिली आणि पुन्हा उकळून आणली. त्यानंतर एकही अळी बाहेर आली नाही. ड्रायव्हरने विचारलं, खिसा नाही ठेवलात? शिंपी म्हणाला, त्यांना कशाला खिसा, सगळं खाऊनच जातात.

बुधवारी पिशवी उघडली. तिळाएवढ्या अळ्या शेवयांच्या तुकड्यांएवढ्या झाल्या होत्या आणि काळ्या तळव्याचा अर्धा भाग गुलाबी. डॉक्टरणीने जुन्या अळ्या काढल्या, दुसऱ्या बाटलीतल्या नव्या एकशे ऐंशी सोडल्या. शिंप्याला त्या जाणवत नव्हत्या, तरी तो हलताना जपून हलायचा. कारागीर कामावर आहेत, त्यांच्या उजेडात येऊ नका, असं तो नर्सला सांगायचा.

आणि गुरुवारी सकाळी पाठीला पंप लावून फवारणीवाला आला.

माणूस सरळ होता. नोकरी जायची भीती चेहऱ्यावर लिहिलेली. त्याने रुग्णांना व्हरांड्यात बसवायला सुरुवात केली, आणि प्रत्येकाकडून एका छापील कागदावर सही घ्यायला लागला. "माझ्या पलंगावर व अंगावर कोणत्याही प्रकारचा किडा नाही." बाराजणांनी न वाचता सह्या केल्या. शिंप्याने चष्मा लावला, वाचलं, आणि कागद परत दिला.

"माझ्या अंगावर एकशे ऐंशी आहेत. खोटी सही मी करत नाही."

फवारणीवाला घाबरून एक पाऊल मागे सरला. मग म्हणाला की मामा, मला अळ्यांपर्यंत सगळे मारायला सांगितलंय, बघा, इथे लिहिलंय, साहेबांची सही आहे. अक्काने उशीखालून परवानगीचा कागद काढला आणि त्याच्या कागदाशेजारी धरला. त्यावरही साहेबांचीच सही होती. फवारणीवाल्याने दोन्ही कागद आलटून पालटून वाचले. बिचारा इतका बावचळला की पंप खाली ठेवून अक्काच्या शेजारी स्टुलावर बसला.

"मावशी, मग मी मारू का नको?"

"आधी तुझ्या साहेबाला विचार, तो कोणता खरा बोलतोय."

साहेब, तुम्ही आलात. तुमच्या मागे चारजण आले. तुम्ही दोन्ही कागद घेतलेत, आणि त्या क्षणी तुम्हाला चूक कळली, ती अक्काने तुमच्या कानाच्या पाळीवर वाचली. पाळ्या लाल झाल्या. एक शब्द पुरला असता. चुकलं, एवढा. त्याऐवजी तुम्ही डॉक्टरणीला विचारलंत की या अळ्या दोन तासांसाठी काढून ठेवता येतील का, तपासणी झाली की परत घालू. ती म्हणाली, सर, ती पाहुणे मंडळी नाहीत, काढल्या की मेल्या. मग तुम्ही शिंप्याला तपासणी संपेपर्यंत तात्पुरती रजा दिलीत. रजेच्या कारणात लिहिलंत, "घरगुती काम."

इस्पितळाच्या गल्लीतच शिंप्याचं दुकान. अक्काने आणि ड्रायव्हरच्या भावाने त्याला चाकाच्या खुर्चीतून तिथे नेला. संध्याकाळी परत यायला निघाले तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. त्याला वरून सांगितलं होतं की किडेवाला पेशंट आत घ्यायचा नाही, तपासणीवाले अजून जेवायला थांबलेत.

म्हणून शिंपी आपल्या दुकानातच राहिला. पाय कापडाच्या गठ्ठ्यावर, वर पिशवी. गल्लीतल्या माश्या वास घेत जाळीवर येऊन बसू लागल्या, आतल्यांच्या भेटीला आलेल्या नातेवाइकांसारख्या. बाहेरची एक जरी माशी आत शिरली तर सगळं वाया जाईल असं डॉक्टरणीने बजावलं होतं, तेव्हा अक्का हातात पुठ्ठा घेऊन वारा घालत बसली, आणि भेटीची वेळ संपली, चला, असं माश्यांना ओरडत राहिली. शिंपी हसत होता. पण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं, आणि हात मांडीवरची टेप गुंडाळत होता, सोडत होता. शुक्रवार नऊ. त्याने एकदाच विचारलं की अक्के, डाव्या पायाने मशीन येईल का गं. अक्काने वारा घालायचं थांबवलं नाही. म्हणाली, तुला उजव्यानेही धड येत नाही.

शुक्रवारी साडेसातला डॉक्टरण दुकानात आली. तिच्यासोबत मोठे सर्जनही आले, स्वतःच्या पायांनी, शर्टाच्या बाह्या दुमडून. तिने बटणं काढली, अळ्या धुऊन काढल्या. खाली तळवा होता. तांबडा, ओला, स्वच्छ, ठिकठिकाणी रक्ताचे बारीक थेंब आलेला. सर्जनांनी चिमट्याच्या टोकाने टोचलं, पुन्हा टोचलं. मग उठले आणि म्हणाले, याला मी सुरी लावणार नाही. जाताना त्यांनी हातातल्या कोटाची उसवलेली शिवण दाखवली आणि शिंप्याने बसल्याबसल्याच तिच्यावर टीप मारून दिली. डाव्या पायाने, वाकडी.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तुमच्या कचेरीची एक रीत आहे. आठवड्याचा अहवाल शनिवारी वेळेवर जावा म्हणून तो गुरुवारीच तयार होतो. शुक्रवारी काय होणार ते यादीत असतंच, त्यामुळे ते झालं असं आधीच लिहून टाकतात. यादीत पहिला नंबर शिंप्याचा होता. त्याचा पाय गुरुवारी दुपारी चार वाजता तुमच्या कचेरीत कापला गेला. अळ्यांची नोंद करायची सोय नव्हती, कारण वॉर्ड किडेमुक्त आहे असं त्याच अहवालात पहिल्या पानावर होतं.

सहा आठवड्यांनी जखम भरली आणि शिंपी चप्पल घालून, स्वतः चालत, साखरेच्या गोळ्या घ्यायला आला. खिडकीतल्या बाईने केसपेपर काढला, वाचला, आणि मान वर न करता म्हणाली की पाय नसलेल्यांची रांग पलीकडे आहे. शिंप्याला गंमत वाटली. मागच्यांना त्याने पाय उचलून दाखवलाही. घरी जाऊन अक्काला कसं सांगायचं याची तो मनात जुळवाजुळव करत असताना व्हरांड्यात त्याला डॉक्टरण दिसली. ती भिंतीला टेकून उभी होती, हातात एक कागद.

ड्रायव्हरची टाच बिघडली होती. तिने त्याच्यासाठी अळ्या मागवल्या होत्या. तुम्ही उत्तर दिलंत, साहेब. या वेळी मात्र जुना अहवाल नीट वाचून. "यापूर्वी याच पद्धतीने उपचार केलेल्या रुग्णाचा पाय अखेर काढावा लागला. सबब परवानगी नाकारण्यात येत आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ड्रायव्हर. यादीत पहिला नंबर.

शिंप्याची गंमत तिथेच विरली. तो परत फिरला. शिपायाने थांबा म्हटलं, तो थांबला नाही. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना "उद्या या" म्हणणारा माणूस त्या दिवशी उद्यावर विसंबायला तयार नव्हता. दार ढकलून तो आत गेला, चप्पल काढली, समोरच्या खुर्चीच्या दांडीला धरून तोल सावरला आणि उजवा पाय तुमच्या टेबलावर ठेवला, बरोबर फायलीवर.

तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत. हे काय चाललंय, असं विचारलंत.

"पाय आहे, साहेब. तुमच्या कागदावर नाही, पण आहे. हात लावून बघा. तो गेला असं तुम्ही लिहिलंत म्हणून उद्या एका माणसाचा खरोखरचा जाणार आहे."

तुम्ही म्हणालात, अहवाल वरती गेलेला आहे, आता त्यात बदल करता येत नाही. तुम्ही म्हणालात, बसून बोलू. शिंपी बसला नाही. खुर्चीची दांडी धरून तो एका पायावर उभा राहिला आणि त्याने दुसरा पाय टेबलावरून खाली घेतला नाही. दारात डॉक्टरण आली होती, तिच्या मागे फवारणीवाला, आणि कुणी सांगितलं कोण जाणे, अक्काही.

"मी भांडायला आलेलो नाही," शिंपी म्हणाला. "मला एवढंच लिहून द्या, की तुमचा कागद खोटा आहे का हा पाय खोटा आहे. दोन्ही खरे असू शकत नाहीत. उद्या नऊच्या आत अळ्या यायच्या तर डॉक्टरीणबाईंना आत्ता फोन करावा लागेल. बोला, साहेब. यातलं खोटं कोण?"