जीप झाकून ठेवताना

रिकाम्या गॅरेजच्या मधोमध सूनबाई फोन कानाला लावून उभी होती आणि पलीकडून सासरे विचारत होते, "बॉनेट उघडलंस का?"

"हो बाबा, उघडलं."

उघडतेय कपाळ! जीप गेल्याच आठवड्यात विकली होती. त्याच पैशांवर म्हाताऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. नवऱ्यानं व्यवहार उरकला, किल्ली देऊन टाकली आणि बापाला सांगायची वेळ आली तसा शेपूट घालून बसला. "तूच सांग, तुझं ऐकतात ते." ऐकतात म्हणे! दवाखान्यात गेलं की म्हातारा आधी जीपची खुशाली विचारायचा, मग घरच्यांची. ती सांगायला म्हणून जायची आणि "धुऊन ठेवलीय" असं बोलून परत यायची.

जन्मभर त्यांनी त्याच जीपमधून लोकांची ने-आण केली. सासूबाई होत्या तेव्हा जीपला 'सवत'च म्हणायच्या. आता डॉक्टर म्हणाले, उठून बसायलाच सहा महिने लागतील. तर यांना घोर स्वतःच्या पाठीचा नाही, उभ्या उभ्या सडणाऱ्या गाडीचा. म्हणून आज फोन. मी सांगतो तसं कर, आत्ताच्या आत्ता.

"बॅटरीची काळी वायर आधी सोड, मग लाल. उलटं केलंस तर ठिणगी उडेल."

तिनं हातातला पाना लोखंडी कपाटावर दोनदा वाजवला. "सोडली."

"सायलेन्सरच्या नळीत चिंधी कोंब. उंदीर शिरतात मेले."

"कोंबली."

"हॅण्डब्रेक ओढू नकोस, चिकटून बसतो. आता जॅक लाव. एकेक चाक उचल आणि आसाखाली लाकडी ठोकळे सरकव. नाहीतर टायर एकाच जागी चेपतात."

ठोकळे भिंतीशी पडून होते. तिनं ते ओढत आणले आणि फरशीवरच्या तेलाच्या डागाभोवती चार कोपऱ्यांत मांडलेही. आपण हे काय करतोय, या विचारानं तिला रडू यायला लागलं. सांगावं तर तिकडे माणूस अंथरुणाला खिळलेला. न सांगावं तर घरी आल्यावर दाखवणार काय? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"झालं बाबा. चारी चाकं अधांतरी."

"काचा बोटभर उघड्या ठेव. आणि बॉनेट लाव. जोरात आपट, मला ऐकू येऊ दे."

तिनं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीचं झाकण उचललं आणि दाणकन आपटलं.

"सूनबाई," म्हातारा हळूच म्हणाला, "चार चाकं उचललीस आणि तुला धापसुद्धा लागली नाही?"

ती त्या पेटीवरच बसली.

"मी उचलायचो तेव्हा सकाळची दुपार व्हायची गं."

"बाबा, मी सांगणारच होते..."

"रडू नकोस. कुणी नेली?"

"बाजारातल्या भाजीवाल्यानं."

"त्याला म्हणावं, दुसरा गिअर दमानं टाक. दांडगाई केली की अडून बसते ती." ते खाकरले. "आणि ताडपत्री? ती नेली का त्यानं?"

"नाही. इथंच आहे."

"मग तेवढी पोचवून ये. उन्हात उभी करेल तो तिला."

तिनं खुंटीवरची ताडपत्री खाली ओढली. तिची घडी घालायला कायम दोघं लागायची. एक टोक ती धरायची आणि दुसरं टोक धरून ते हुकूम सोडायचे, ताण, अजून ताण, भाकरी खाल्लीस की नाही! आता फोन खांद्याशी दाबून तिनं एक टोक पकडलं, तर दुसरं सटकून फरशीवर पडलं. ते उचललं, तर पहिलं सुटलं.

"घडी नीट घाल," पलीकडून आवाज आला. "घातलीस?"

ताडपत्री तिच्या पायांत लोळत होती.

"घातली, बाबा," ती म्हणाली.