हा भाग पाहून झाला

मी बेपत्ता माणूस बोलतोय. आजवर निदान दोनशे वेळा तरी सापडलोय.

खरं तर मी माणूस नाही. जाड कापडाच्या पिशव्यांत वाळू ठासून, वर कामगाराची जुनी डगली चढवून मला तयार केलंय. वजन सत्तर किलो. शोध आणि बचाव पथकाच्या सरावासाठी मला दर रविवारी कुठेतरी लपवतात आणि स्वयंसेवक मला शोधतात. बाकीचे सहा दिवस मी सामानाच्या खोलीत, दोरांच्या वेटोळ्यांशेजारी पडून असतो.

स्वयंसेवकांबद्दल माझं मत मुळीच चांगलं नाही. जीव वाचवायची हौस घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "जॅकेट कधी मिळेल?" जॅकेट मिळालं की माझ्या छातीवर हात ठेवून फोटो काढतात. तिसऱ्या रविवारी कुणाची पाठ धरते, कुणाकडे पाहुणे येतात. उचलताना माझं डोकं दगडावर आपटलं तर म्हणतात, "याला काय कळतंय?" कळतं. सगळं कळतं.

यांच्यातल्या एका तुकडीचा म्होरक्या कॅप्टन. सैन्यात कधीच नव्हता, फरश्यांचं दुकान आहे. पण गळ्यात शिट्टी आणि चालण्यात असा डौल, की वाटावं अर्धं जग यानेच खांद्यावरून वाहून आणलंय.

गेल्या वर्षी त्याच्या तुकडीत एक चष्मेवाला आला. चष्म्याचं छोटं दुकान, वय पंचेचाळीस, आवाज बारीक. पहिल्याच दिवशी माझ्याजवळ गुडघे टेकून म्हणाला, "कुठे दुखतंय? तुमचा पाय उचलतोय हं मी." सगळे खो खो हसले. मलाही हसूच आलं. वाळूच्या पोत्याला अहो-जाहो! म्हटलं, आणखी एक नमुना.

त्याच्या चौथ्या रविवारी मला एका बंद वीटभट्टीमागच्या खड्ड्यात टाकलं होतं. तुकडी दहा पावलांवर आली आणि थांबली.

"काटे आहेत. पाहून झालं असं लिहा," कॅप्टन म्हणाला.

"पण आपण आत गेलोच नाही," चष्मेवाला म्हणाला.

"अहो, पोतं आहे ते. मरणार आहे का?"

"मग मी सही करत नाही."

नवख्याचा हा ताठा कुणालाच रुचला नाही. मंडळी जेवायला निघून गेली. शेवटी पथकाच्या प्रमुख बाई चष्मेवाल्याला घेऊन आल्या आणि दोघांनी मला ओढत बाहेर काढलं. बाई अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या. त्यांनी कॅप्टनला चार शब्द सुनावावेत असं मला फार वाटत होतं. त्या गप्प राहिल्या. मला त्यांचीही चीड आली.

दोन महिन्यांनी खराखुरा माणूस हरवला. विसरभोळे झालेले एक म्हातारे कारकून घरातून चपला घालून निघाले ते परतलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच खोलीत नकाशा पसरला गेला. म्हाताऱ्यांची मुलगी दाराशी उभी होती.

"सगळं पिंजून काढलंय," कॅप्टन म्हणाला. "आता पोलिसांनी बघावं."

"कालव्याकडचा चौकोन कुणी पाहिला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"मी. स्वतः."

"रस्त्याखालच्या सिमेंटच्या मोठ्या नळात वाकून पाहिलंत?"

"तिथे गुडघाभर चिखल होता."

मुलगी कॅप्टनच्या बुटांकडे बघत होती. बुटांवर चिखलाचा डागही नव्हता.

बाईंनी रबर उचललं आणि त्या चौकोनावरची खूण खोडली. "हा भाग पाहिलेला नाही. चला."

दुपारी माणसं परतली ती चिखलाने माखूनच. म्हातारे नळातच सापडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं, पण जिवंत. चष्मेवाला स्ट्रेचर धूत होता. धुता धुता त्याने बाईंना सांगितलं, "आजोबा म्हणाले, 'काल वरून माणसं गेली. मी हाका मारत होतो. ती जेवणात काय आहे ते बोलत होती.'"

बाई त्याच्याजवळच खाली बसल्या. त्यांनी स्ट्रेचरचं दुसरं टोक धरलं.

वर्तमानपत्रात फोटो आला. मधोमध कॅप्टन, शिट्टीसकट. चष्मेवाला त्यात कुठेच नव्हता. मला नवल वाटलं नाही.

तो फोटो बघून पुढच्या रविवारी सतरा नवे उमेदवार उगवले. त्यांना शिकवायचं काम बाईंनी चष्मेवाल्यावर सोपवलं. "जॅकेट कधी मिळेल?" असं एकाने विचारलंच. चष्मेवाल्याने मला गाडीतून उतरवलंच नाही. त्याऐवजी एकेकाला वेगवेगळ्या खड्ड्यांत, झुडपांत नेऊन झोपवलं आणि म्हणाला, "कुणी येईपर्यंत हलायचं नाही."

तासभर त्याने कुणालाच शोधायला पाठवलं नाही.

नऊ जण संतापून, कपडे झटकत घरी गेले. त्यांची मला सवय आहे. आठ जण राहिले. त्यातली एक तरुणी पाठीची माती न झटकताच उठली. ती म्हणाली, "वरून कुणीतरी चालत गेलं. मला वाटलं, बघतील. नाही बघितलं."

"यापुढे तुम्ही बघा," चष्मेवाला म्हणाला.

त्या आठांबद्दल मी अजून मत बनवलेलं नाही. माझ्या स्वभावाच्या मानाने ही मोठीच सूट आहे.

तुम्हालाही पथकात यायचं असेल तर या. पण आधी एखाद्या खड्ड्यात तासभर पडून बघा. वरून जाणाऱ्यांच्या गप्पा ऐका. मग उठावंसं वाटलं तर उठा, आणि कुणाला तरी शोधा. मला नका शोधू. मी पोतं आहे, मला घाई नाही.