नऊ आधीच निघालाय

मी बिंगोचा पिंजरा बोलतोय. नॉर्डल गावच्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये, कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारच्या फळीवर माझा मुक्काम असतो. तारेचं गोल अंग, बाजूला फिरवायची मूठ, पोटात आकडे रंगवलेले लाकडी गोळे. मूठ फिरवली की गोळे खडखडतात, खालचं दार उघडलं की एक गोळा वाटीत पडतो. एवढंच माझं काम. एवढ्याशा कामातून कुणाच्या काळजाला घरं पडू शकतात, हे त्या मार्चपर्यंत माझ्या स्वप्नातही नव्हतं. त्या धक्क्यातून मी अजून बाहेर आलेलो नाही. कुणी मूठ धरली की माझ्या तारा शहारतात.

मला लोवेल हॉगनच्या वडिलांनी बनवलं. ते लोणी काढायच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. अंडी ठेवायच्या दोन जुन्या तारेच्या टोपल्या त्यांनी तोंडाला तोंड लावून जोडल्या, की झाला मी तयार. गोळे मेपलच्या लाकडाचे, आकडे तांबड्या रंगाचे. म्हातारे गेल्यावर माझी मूठ लोवेलकडे आली. तोंडानं फटकळ, दुसऱ्याची फिरकी घेतल्याशिवाय घास न उतरणारा हा शेतकरी आकडा मात्र अगदी सरळ पुकारतो.

दर शुक्रवारी बिंगो खेळायला सगळं गाव जमायचं. प्रत्येकापुढे आकड्यांचा पत्ता आणि मूठभर मक्याचे दाणे. आकडा पुकारला की त्या घरावर दाणा ठेवायचा, ओळ भरली की ओरडायचं. बक्षीस एखादं डुकराच्या मांसाचं तंगडं, नाताळात टर्की पक्षी. माणसांची मला मोठी गंमत वाटायची. तंगडं जिंकलेला माणूस राज्य मिळाल्यासारखा घरी जायचा आणि हरलेला म्हणायचा, मी आपला कॉफीसाठी आलो होतो. हरणं म्हणजे एवढंच असतं, अशी माझी समजूत होती.

मग वरच्या मंडळानं आमच्या शाळेला कुलूप लावलं. पोरं कमी, खर्च जास्त, असं त्यांचं म्हणणं. मुलं बसनं लांबच्या ब्रॅडफोर्डला जाऊ लागली. हिवाळ्यात अंधारात निघायची आणि अंधारातच परतायची. लहानगी तर बसमध्येच झोपलेली असायची, बाप त्यांना खांद्यावर टाकून घरी न्यायचे. ते पाहून आर्डिथ क्वाम पेटली.

आर्डिथचा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे गेला होता. शिडशिडीत, ताठ बाई. तिनं गाव गोळा केलं, सरकारकडे खेटे घातले, आणि गावानं स्वतः चालवायच्या शाळेची सनद मिळवून आणली. जुनी इमारत परत मिळाली. लोवेलनं छपरावर पत्रे चढवले, बायकांनी भिंती रंगवल्या. शाळेचं मंडळ निवडलं गेलं, पाच जणांचं, आर्डिथ अध्यक्ष, लोवेल एक सभासद. त्यांच्या सभा हॉलमध्ये, माझ्या फळीखालच्या टेबलावर भरू लागल्या. सभा सगळ्यांना खुली. टेबलाखाली टोपलीत आर्डिथची तान्ही नात झोपलेली असायची, सिग्ने. तिची आई शहरातल्या इस्पितळात पाळ्या करायची, त्यामुळे पोर आजीकडेच होती.

पहिल्याच सभेत प्रवेशाचा विषय निघाला. लोवेल म्हणाला, "छपरावर मी चढलो, बाकं या मंडळींनी उचलली. तेव्हा आमच्या नातवंडांना आधी जागा, उरेल ते बाकीच्यांना. साधी गोष्ट आहे."

"साधी नाही," आर्डिथ म्हणाली. "पोस्टात तू रांगेत उभा राहायचास ना?"

"तुझ्यापुढे रांग मोडायची कुणाची बिशाद होती, बाई?"

"मग शाळेतही रांगच. पैसा सगळ्यांचा, शाळा सगळ्यांची. जागा कमी पडल्या तर सरळ चिठ्ठ्या टाकायच्या. पोर कुणाचं, हे विचारायचं नाही. अध्यक्षाचं असलं तरी नाही."

"जागा कमी पडणार? इथं?" लोवेल हसायला लागला. "अगं, पट भरायला आपल्याला माझ्या कोंबड्यांची नावं घालावी लागतील. घे तुझा नियम. आणि चिठ्ठ्या कशाला, हा बसलाय की आमच्या बापाचा पिंजरा."

सगळे माझ्याकडे बघून हसले आणि हसत हसतच नियम मंजूर झाला. मी फुशारलो. शाळेच्या कारभारात आपलंही नाव लागलं म्हणून. आर्डिथनं आणखी एक नियम घालून घेतला, की आपल्या घरचा विषय निघाला तर त्या सभासदानं उठून बाहेर जायचं. त्यावर तर कुणी मानही वर केली नाही.

शाळेचं नाव झालं. मुलं तळ्यावर जाऊन बर्फाची जाडी मोजायची, मेपलचा पाक आटवायची, वाचायला तर अशी शिकली की ब्रॅडफोर्डचे पालक चौकशा करू लागले. टर्कीच्या मांसाच्या कारखान्यात कामाला आलेली सोमाली कुटुंबंही गावात राहायला आली. लोवेलच्या कोंबड्यांची गरज काही पडली नाही.

इकडे सिग्ने सहा वर्षांची झाली. गोड पोरगी, पण परक्यासमोर तोंड उघडायची नाही. काही हवं असलं तर आजीच्या कानात सांगायची. आर्डिथ मार्लिसला म्हणायची, "एवढी शाळा आहे म्हणून मला धीर आहे बघ. इथल्या भिंतीही तिच्या ओळखीच्या आहेत. ब्रॅडफोर्डच्या त्या गर्दीत ही पोर मुकी होऊन जाईल." मार्लिस ही मंडळाची उपाध्यक्ष, गाईगुरांची डॉक्टर. ती नुसती मान हलवायची.

त्या मार्चमध्ये पहिलीच्या दहा जागांना सतरा अर्ज आले.

मला फळीवरून खाली काढलं, पुसलं. जास्तीचे गोळे मुरंब्याच्या बरणीत गेले. प्रत्येक मुलाला एक आकडा दिला. सिग्नेचा नऊ. हॉल भरून गेला होता. शुक्रवारी असतात तीच माणसं, त्याच घडीच्या खुर्च्या, तीच कॉफी. मला वाटलं, शुक्रवारसारखंच काही असेल. लोवेलनं मूठ फिरवली.

एक एक गोळा वाटीत पडू लागला. आकडा पुकारला की कुठेतरी कुणीतरी आईला मिठी मारायचं. पाच झाले, सहा झाले. आर्डिथ समोर ताठ बसली होती, हातात सभेची लाकडी हातोडी. नवाचा गोळा माझ्या पोटात गडगडत होता, दाराशी यायचा आणि मागे सरकायचा. मी काय करणार होतो? मला ना बोटं, ना इच्छा चालवायची सोय. दहावा गोळा पडला तो टर्कीच्या कारखान्यातल्या इद्रिस वारसामेच्या मुलीचा. तो हसणार होता, पण त्यानं आर्डिथकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

मला वाटलं, आता कुणीतरी हसेल, म्हणेल हा सराव होता, खरी सोडत आता. कुणी हसलं नाही. नियमानुसार उरलेल्यांचाही क्रम काढायचा होता, कुणी जागा सोडली तर पुढचा नंबर कुणाचा, ते ठरवायला. सहा गोळे पडले. शेवटचा काढावाही लागला नाही. माझ्या तळाशी तो एकटाच उरला होता, नऊ.

लोवेलनं टोपी काढली. "मी ठराव मांडतो," तो म्हणाला. "या वर्षी पहिलीत एक जागा वाढवावी आणि ती सिग्ने क्वामला द्यावी. ही बाई नसती तर शाळाच नसती. एक खुर्ची टाकायची, त्यात काय मोठं?"

मागून एक बाप म्हणाला, "मग सहा आणखी टाका. आमची पोरं काय उकिरड्यावर सापडली?" त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

आर्डिथ उठली. घरचा विषय होता. तिनं हातोडी मार्लिसपुढे ठेवली, कोट घेतला आणि बाहेर ओसरीवर गेली. बाहेर बर्फ पडत होता. दार नीट लागलं नाही, फटीतून तिची पाठ मला दिसत होती.

"ठराव आलाय," मार्लिस म्हणाली. "अनुमोदन कुणाचं?"

अनुमोदनाशिवाय ठरावावर मतसुद्धा घेता येत नाही. टेबलाशी लोवेल सोडून तिघं होती. खुद्द मार्लिस, दवाखान्यातली नर्स आणि चर्चचा हिशेब बघणारा एक म्हातारा. तिघांनीही आर्डिथच्या घरची कॉफी जन्मभर प्यायलेली. मार्लिसनं पुन्हा विचारलं. नर्स आपली नखं बघत राहिली. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. समोर सहा कुटुंबं बसली होती आणि त्यांच्या मांडीवरची सहा मुलं. मार्लिसचेच डोळे भरून आले होते, पण तिनंही अनुमोदन दिलं नाही. ज्या गावात तंगड्यासाठी एवढा आरडाओरडा होतो, त्या गावात एक शब्द कुणाच्या तोंडून फुटू नये, यानं मी हादरलो. ते चुकले असं मला म्हणता येत नाही. त्यांनी तिचंच ऐकलं होतं. तरी मला तोंड असतं तर मी अनुमोदन दिलं असतं, आणि मग नियम गेला असता खड्ड्यात.

"अनुमोदन नाही. ठराव बारगळला," मार्लिस म्हणाली.

सांगायला लोवेल बाहेर गेला. त्यांचं बोलणं फटीतून मला ऐकू आलं.

"अनुमोदक मिळाला नाही, आर्डिथ."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

तेव्हा मला कळलं. नियम तिचा होता, उठून बाहेर गेली तीही नियमानंच, आणि तिथं बर्फात उभी राहून ती मनातून म्हणत होती, की आतल्यांनी आज माझं ऐकू नये.

"बरं केलंत," ती म्हणाली. "तसंच करायला हवं होतं." तिनं दाराच्या मुठीला हात घातला तो चुकला. लोवेलनं दार उघडलं. आर्डिथ आत आली, कोट न काढताच खुर्चीत बसली आणि हातोडी उचलून म्हणाली, "पुढचा विषय. तळघरातला बॉयलर." आणि ते सगळे खरोखरच बॉयलरवर बोलू लागले. माणसं हे कसं करू शकतात, मला आजही उमगलेलं नाही.

सभा संपल्यावर सिग्ने माझ्यापाशी आली. माझ्या पोटात बघत तिनं आजीच्या कानात विचारलं, पण मी इतका जवळ होतो की मलाही ऐकू आलं. "आजी, माझा यातच राहिला?"

"हो गं राणी."

तिनं माझं दार उघडलं, चिमुकला हात आत घातला, नऊ काढला आणि मुठीत धरला. मार्लिसनं अडवायला तोंड उघडलं आणि मिटलं. गोळा पोरीच्या कोटाच्या खिशात गेला.

आता ब्रॅडफोर्डची बस सकाळी आमच्या शाळेच्या पायरीपाशीच थांबते. आर्डिथ आधी शाळेचं कुलूप उघडते, मग नातीचा हात धरून बसची वाट बघते. बाकीची मुलं त्यांच्या बाजूनं आत जातात. हॉल समोरच आहे, मला खिडकीतून दिसतं. सिग्ने बसमध्ये चढते तेव्हा एक हात खिशात असतो. ब्रॅडफोर्डला ती अजून कुणाशी बोललेली नाही, असं मार्लिस नर्सला सांगत होती. ते ऐकल्यापासून फिरायचं माझ्या जिवावर येतं.

सोडतीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी लोवेलनं गोळे माझ्या पोटात भरले आणि थबकला. एक कमी होता. कुठला, ते हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरा गोळा बनवणं त्याला काय कठीण होतं? लाकूड त्याच्या गोठ्यात पडून आहे. पण तो खाकरला आणि म्हणाला, "नऊ आधीच निघालाय. ज्यांच्या पत्त्यावर असेल त्यांनी दाणा ठेवून घ्या." कुणी काही विचारलं नाही. हॉलभर दाण्यांचा बारीक आवाज झाला. इद्रिस वारसामेच्या पत्त्यावर नऊ नव्हता, तर त्यानं शेजारच्याच्या पत्त्यावर ठेवला.

तेव्हापासून दर शुक्रवारी खेळाची सुरुवात अशीच होते. आर्डिथ मागच्या रांगेत बसते, नातीला मांडीवर घेऊन. सगळ्यांचे दाणे ठेवून होईपर्यंत ती हलत नाही. मग सिग्ने आपल्या हातानं आजीच्या पत्त्यावर दाणा ठेवते, आणि लोवेल तोवर मूठ फिरवत नाही.

मी म्हातारा झालोय, तारा गंजल्यात. मार्च पुन्हा येईल, मला पुन्हा टेबलावर ठेवतील, आणि कुणाचं तरी पोर पुन्हा माझ्या तळाशी राहील. ते माझ्या हातात नाही. माझी विनंती एवढीच, तुम्ही कधी नॉर्डलला आलात आणि शुक्रवार असला, तर पत्ता घेऊन बसा. पहिला आकडा पुकारण्याआधी नऊवर दाणा ठेवा, आणि कारण विचारू नका. मागच्या रांगेत एक मुलगी बघत असते.