हजराचा मुलूख

दाऊदचा बाप दाभोळकडचा सुतार. तेल सापडायच्या आधी तो गलबतं दुरुस्त करायला कतारमध्ये दोह्याला आला आणि तिथलाच झाला. दाऊद दोह्यातच जन्मला. त्याच्याजवळ इंग्रजांच्या कचेरीतला जन्माचा एक कागद होता. एकाहत्तर साली इंग्रज गेले, तेव्हा मोहल्ल्याबरोबर त्यानेही हलवा वाटला. मग नागरिक म्हणून नाव लावायला गेला, तर घराणं इथलं नाही म्हणून त्याला परत पाठवलं. भारतीय कचेरीत म्हणाले, तुझा जन्म आमच्याकडे नोंदलेलाच नाही. म्हणजे तो कुठलाच राहिला नाही. मुकाट्याने बंदरावर लाकूड तासत राहिला.

त्याची बायको हजरा लग्न होऊन कोकणातून आलेली. तिचा पासपोर्ट भारताचा. दाऊदच्या जिवावर तिला तिथे राहता येईना, म्हणून ती गिरीश आणि शैलजा या पुण्याच्या जोडप्याकडे स्वयंपाकाला लागली. व्हिसा त्यांच्याच नावावर.

चौऱ्याऐंशीत गिरीशचं कंपनीतलं काम संपलं. शैलजाने जाण्याआधी ओळखीच्या घरी विचारून पाहिलं, पण हजराला ठेवून घ्यायला कुणी तयार होईना. तिला देश सोडायला सांगण्यात आलं.

मुलीला, जैतूनला, घेऊन जायचं असं हजराने ठरवलं. भारतीय कचेरीतल्या साहेबाने तिचं सगळं ऐकून घेतलं. मूल परदेशात जन्मलं की नागरिकत्व बापाकडून येतं, आईकडून नाही, असं तो हिंदीत समजावू लागला.

"बापाला मुलूखच नाय, साहेब," हजरा म्हणाली. "मंग तिला कुटनं येनार?"

साहेबाने कागद तिच्याकडे परत सरकवले.

घरी आल्यावर ती दाऊदला म्हणाली, मी जातच नाही, लपून राहते.

"तुला पकडलं तर तुरुंग," तो म्हणाला. "तू जा. तुला धाडायला मुलूख तरी हाय. आमाला धाडतील कुटं?"

विमानतळावर हजराने जैतूनची वेणी सोडून पुन्हा घातली. आधीची चांगली घट्ट होती. पोर तेरा वर्षांची, मराठी कळायचं पण बोलताना अरबीच तोंडात यायची. ती आईचा पदर सोडेना. दाऊदने तिची बोटं एकेक करून सोडवली.

हजराने गावाहून परतीच्या व्हिसासाठी पुष्कळ खटपट केली. काही झालं नाही. दाऊद कॅसेटमध्ये एकट्याचाच आवाज भरून पाठवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाबरोबर ती यायची.

अठ्ठ्याऐंशीत जैतूनच्या निकाहची कॅसेट आली. नवराही तिच्यासारखाच, कुठलाच नसलेला. हजरा नवं लुगडं नेसून शेजारच्या फुलाबाईकडे गेली, कारण टेप तिच्याकडे होता. गाणी झाली, बायकांची गडबड झाली, मग काजीने विचारलं आणि एका बाईने ठाम आवाजात कबूल म्हटलं.

हजरा फुलाबाईकडे वळली.

"ही जैतूनच ना?" तिने विचारलं.