बकलम रखमाजी

भोरमधल्या एका नामांकित वकिलांच्या कचेरीत रखमाजी कारकून होता. कचेरी म्हणायची एवढंच. खोल्या दोन, आणि त्यांत बसायला माणसांपेक्षा कागदांनाच जास्त जागा. लाल रुमालांत बांधलेली दप्तरं फळ्यांवर, फळ्यांखाली, खिडकीत, आणि कोपरा गळायला लागला की वकीलसाहेबांच्या खुर्चीमागेसुद्धा. वकीलसाहेब कोर्टात बोलत आणि गावभर त्यांची वाहवा होई. त्या बोलण्याच्या आधी आणि नंतर जे लिहावं लागतं ते सगळं रखमाजीच्या बोटांवर होतं. वकीलपत्रं, अर्ज, कैफियती, साक्षीदारांच्या याद्या, प्रत्येकाच्या दोन-दोन नकला, शिवाय नकलेचीही नक्कल मागणारे वेगळेच. चार माणसांचं काम एकट्यानं मुकाट ओढणाऱ्याला आपल्याकडे विश्वासू म्हणतात, आणि रखमाजी तर भलताच विश्वासू होता. भोंगवलीच्या शेतकरी घरातला, लेखणी धरणारा पहिलाच. ‘नाही’ म्हणायला तो कधी शिकलाच नव्हता.

या कचेरीत एक रीत होती. हिर्डोशीकडच्या डोंगरातली माणसं पावसाळ्यात भोरला येऊ शकत नसत, ओढे भरले की वाट बंद. म्हणून मृगाच्या आधीच ती यायची आणि पाच-सहा कोऱ्या कागदांच्या तळाला अंगठे उठवून जायची. मग कोर्टाची तारीख आली की रखमाजी वरची जागा भरी आणि अंगठ्याशेजारी लिही, ‘निशाणी अंगठा अमक्याचा, समक्ष केला, बकलम रखमाजी.’ बकलम म्हणजे रखमाजीच्या हातचं. हात त्याचाच असे, त्यात खोटं काही नव्हतं. समक्ष मात्र कुणीच नसे. पण पक्षकाराची पायपीट वाचे, साहेबांची तारीख साधे, आणि इतक्या वर्षांत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. न बिघडलेल्या गोष्टीकडे वळून बघायला रखमाजीला फुरसत कुठली?

एकोणीसशे सदतीस सालची गोष्ट. हैबती नावाचा धनगर होता. हिर्डोशीच्या वर माळावर त्याचा वाडा, म्हणजे चार झोपड्या आणि मेंढरांचं कुंपण. ती जागा आपली आहे म्हणून गावातल्या गेनबाने त्याच्यावर दावा लावला होता. दाव्याला उत्तर म्हणून कैफियत द्यायची शेवटची मुदत सोळा जुलै. ती चुकली तर निकाल एकतर्फी, आणि वाडा गेला. सोळा तारखेला सकाळी रखमाजीपुढे असे सात कागद होते. त्याने हैबतीचं दप्तर सोडलं, अंगठ्याचा एक कागद काढला, कैफियत लिहिली, खाली ‘आज तारीख सोळा रोजी समक्ष’ असं लिहिलं आणि धावतपळत दाखल केली. साहेबांनी न वाचताच सही ठोकली होती. त्यांनाही फुरसत नव्हतीच.

अठ्ठावीस तारखेला हैबतीची बायको बयाबाई कचेरीच्या पायरीशी येऊन बसली. कपाळ मोकळं होतं. रखमाजीने ते पाहिलं आणि त्याच्या हातातला टाक तसाच राहिला.

“कवा झालं?” त्याने विचारलं.

“आवसंच्या दुसऱ्या दिशी ग्येला. तीन दिस थंडी भरली हुती, उठलाच न्हाई. व्हड्याला पानी, म्हनून सांगावा धाडता आला न्हाई.” तिने डोळ्यांना पदर लावला. “आमच्या वाड्याचं कसं हुयाचं, भाऊसाहेब?”

रखमाजीने भिंतीवरचं पंचांग काढलं आणि बोटाने दिवस मोजले. मग पुन्हा मोजले. अवस आठ जुलैला होती. हैबती नऊला गेला होता आणि सोळाला रखमाजीसमोर हजर राहून त्याने अंगठा केला होता. तसं कोर्टाच्या दप्तरात, रखमाजीच्या वळणदार अक्षरात, लिहिलेलं होतं.

त्याच्या पाचावर धारण बसली. मागच्याच वर्षी अशा एका खोट्या दस्ताच्या निकालाची नक्कल त्याने स्वतःच उतरून काढली होती. तीन वर्षं सक्तमजुरी. तेव्हा अक्षर झकास उतरलं म्हणून तो खूश झाला होता! आता ती ओळ डोळ्यांपुढून हलेना. बयाबाईला पाणी देऊन तो आत गेला आणि दार लोटून त्याने साहेबांना सगळं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. “हे मी ऐकलेलं नाही,” ते म्हणाले. “तारीख तू घातलीस, समक्ष तू लिहिलंस. वाटही तूच काढ. आणि वारसाचा अर्ज आठ दिवसांत गेला पाहिजे.”

बारा वर्षांच्या विश्वासू नोकरीचं हे फळ. रखमाजीला संताप आला, पण संतापापेक्षा भीती मोठी होती, म्हणून संताप त्याने गिळला. बाहेर येऊन तो बयाबाईशेजारी पायरीवर टेकला आणि हळू आवाजात बोलला.

“बयाबाई, कोर्टानं इचारलं तर सांगायचं, बेंदराच्या दुसऱ्या दिशी ग्येला. चोवीस जुलै. पाटलालाबी तसंच सांगायचं.”

“पर तवा तर त्याचं दहावंबी हून ग्येलं हुतं.”

“मला ठावं हाय. पर तसं सांगितलं तर तुमचा कागद खोटा ठरंल अन् मला बेडी पडंल.”

कागदाचं बयाबाईला काही कळलं नसावं, बेडीचं कळलं. “तुमी आमचं येवढं बघितलंसा,” ती म्हणाली, “म्या न्हाई तुमाला बेडी पडू द्यायची.”

वारसाच्या अर्जात रखमाजीने लिहिलं, हैबती तारीख चोवीस जुलै रोजी मयत. त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच माहीत. कोर्टाचा शिपाई रस्त्याने दिसला की तो बोळात वळे. गेनबा बाजारात कुणाशी हसून बोलला तरी वाटे, ह्याला कळलं. ताटातली भाकरी अर्धी राही, बायकोने विचारलं तर तिच्यावर खेकसे आणि मग स्वतःच्याच खेकसण्याची लाज वाटे. कागद मात्र येतच होते, आणि तो ते लिहितच होता.

सप्टेंबरात सुनावणी लागली. बयाबाईने शपथ घेतली. गेनबाच्या वकिलाने फार गोड आवाजात विचारलं, “बाई, तुमचे मालक कधी वारले?”

“बेंदराच्या दुसऱ्या दिशी,” बयाबाई म्हणाली. अडखळली नाही, आणि एकदाही रखमाजीकडे पाहिलं नाही. साहेबांच्या मागे दप्तर घेऊन बसलेल्या रखमाजीने दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

“नक्की? त्याच्या आधी नाही?”

“न्हाई.”

“मग हा कागद पाहावा, महाराज,” वकील न्यायाधीशांकडे वळला. “तारीख वीस जुलै. हैबतीने गेनबाच्या घरी येऊन, जागेवर आपला हक्क नाही असं कबूल करून अंगठा दिला आहे. वारसाच्याच सांगण्याप्रमाणे तेव्हा तो हयात होता.”

रखमाजीला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं. गेनबाने तारीख कुठून काढली? रखमाजीच्याच अर्जातून! चोवीसला मेला असं इकडून लिहून गेलं, म्हणून तिकडे विसाचा कागद तयार झाला. मेलेल्या माणसाचा अंगठा दोन्ही बाजूंनी उठला होता. हा दुसरा खोटा आहे हे सिद्ध करायला एकच गोष्ट पुरेशी होती, हैबती नऊला गेला, आणि तीच गोष्ट पहिला कागद रखमाजीच्या गळ्यात बांधणार होती. गप्प बसलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. फक्त पावसाळा सरता सरता बयाबाईला मेंढरं हाकून वाडा मोकळा करावा लागला असता, आणि जाता जाता ती कचेरीत येऊन त्याचे उपकार मानून गेली असती. तेवढं तिने नक्की केलं असतं. हा विचार त्याला बेडीपेक्षा जड गेला.

तो उठला. साहेबांनी मान न वळवता त्याचा सदरा ओढला. “खाली बस,” ते पुटपुटले.

“महाराज,” रखमाजी म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. “महाराज, हैबती नऊ जुलैला वारला. वीस तारखेचा कागद खोटा आहे.”

न्यायाधीशांनी दप्तर उलटलं. “तुमच्या कैफियतीवर सोळा तारखेला त्याने समक्ष अंगठा केल्याचं लिहिलंय.”

“तोही खोटा आहे. तो मी लिहिला.” त्याने पुढच्या बाकाची पाठ धरली. “कोऱ्या कागदावर आधीच घेतलेला अंगठा होता. चोवीस तारीख मीच बाईंना पढवली.”

कोर्टात कुजबुज माजली. गेनबाचा वकील ताडकन उठला. हा कारकून पक्षकाराला वाचवायला आयत्या वेळी थापा मारतोय, असं तो म्हणाला, आणि ऐकणाऱ्याला ते पटण्यासारखंच होतं. पण त्याच्याही वर आवाज चढवून बयाबाई ओरडली.

“न्हाई वो साहेब! ह्येंचं कायबी ऐकू नगा! बेंदराच्या दुसऱ्या दिशीच ग्येला त्यो. म्या हुते जवळ, ह्ये कुठं हुते?”

“बयाबाई,” रखमाजी विनवणीच्या सुरात म्हणाला, “खरं सांगा आता. वाडा जाईल तुमचा.”

पिंजऱ्याच्या कठड्यावरून ती त्याच्याकडे वाकली. तिने आवाज खाली आणला होता, पण डोंगरावर मेंढरांना हाका घालणाऱ्या बाईचा आवाज खाली येऊन येऊन किती येणार?

“आवो भाऊसाहेब, खरं सांगितलं तर तुमाला बेडी पडंल की!”

न्यायाधीशांनी आधी तिच्याकडे आणि मग बाकाला धरून उभ्या असलेल्या रखमाजीकडे पाहिलं. मग ते आपल्या लेखनिकाला म्हणाले, “बाई आत्ता जे बोलल्या, ते जसंच्या तसं लिहून घ्या.”