वाळूवर सोडलेली गाडी

कोंडाजीची नजर विझत चालली होती. पावसाळ्यापर्यंत उरलीसुरलीही जाईल, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्यानं जन्मात पहिल्यांदा बायकोकडं काही मागितलं. "गेणूची आई, मला एकडाव समुद्र बघायचाय."

"दारापुढनं इंद्रायणी वाहती, ती बघून पोट भरंना व्हय?" झुंबरबाई फणकारली. पण दुसऱ्याच दिवशी तिनं बैलगाडीला छप्पर बांधून घेतलं, आत वाकळ अंथरली, पीठ, तवा, मडकी, सगळा संसार चढवला. शिमगा झाल्यावर लेकानं, गेणूनं, बैल जुंपले. लोणावळा मागं पडलं, घाट उतरला, तरी म्हातारा पोरासारखा विचारतच होता, "आला का गं?"

"आला की सांगंन. माझी जीभ अजून शाबूत हाय."

कोळ्यांच्या वस्तीवर पोचले ते भर दुपारी. वाळूवरचं ऊन कोंडाजीच्या डोळ्यांना सोसेना. त्यानं उपरण्यानं डोळे बांधून घेतले. "ऊन कललं की बघतो. सावकाश, मन भरून."

समोर ओली वाळू, सारवलेल्या खळ्यासारखी सपाट. पाणी पार लांब. झुंबरबाईनं गाडी तिथंच सोडायला लावली, बैल चाकांना बांधायला लावले. मासळी वाळत घालणारी एक कोळीण धावत आली. "मावशी, गाडी वर घ्या. पानी चढंल हितं."

झुंबरबाईनं आभाळाकडं बोट केलं. "ढगाचं नाव न्हाई, आन पानी चढंल? नदीकाठी जलमले मी. तू तुझी मासळी राख, मला पानी शिकवू नगंस."

गेणू चुळबुळला, पण आईपुढं बोलायची छाती कुणाची? माडांच्या सावलीत भाकरी खाऊन तिघंही आडवी झाली.

गलक्यानं जाग आली. पाणी गाडीच्या साटीला, बसायच्या फळ्यांना, लागलं होतं. गेणू विळा घेऊन धावला. एका बैलाचं दावं तुटलं, दुसऱ्याचं चाकात गुंतलं. कोळी छातीभर पाण्यात शिरले. बैल हंबरत राहिला, हंबरत राहिला, आणि मग थांबला.

"सर्जा व्हता," कोंडाजी म्हणाला. हातानं दूध पाजून वाढवलेलं जनावर. त्याचं हंबरणं ओळखायला डोळे कशाला लागतात?

ऊन कललं. झुंबरबाईनं त्याच्या डोळ्यांवरचं उपरणं सोडलं. "आवं, बघा आता. लय मोठा हाय. नजर पुरंना."

कोंडाजी उठला आणि समुद्राकडं पाठ करून बसला.

"माझं चुकलं म्हंते न्हवं! कुणापुढं म्हणले न्हाई जन्मात. एकडाव बघा. पुना न्हाई दिसायचा."

"सर्जाच्या अंगावरनं वाहतोय त्यो. मला न्हाई बघायचा."

दिवस बुडेपर्यंत ती विनवत राहिली.

ओहोटीला गाडी हाती लागली. सकाळी गावातून एक बैल मागून आणून गेणूनं जोडी जुंपली. वस्ती सुटली तरी म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. झुंबरबाई मात्र गाडीच्या मागच्या तोंडाशी बसली होती. माडांआड जाईपर्यंत सगळं पाणी तिला एकटीलाच बघावं लागलं.